डिलीट मारण्याआधी

देवगड हापूसच्या ऑर्डरी डेटाबेसात घालतोयस, झकास! सुरुवातीला एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा) एवढंच सांभाळ.

- डिलीटमध्ये (ओळी काढायचा हुकूम) व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळी ते सांगणारी अट, लिहायची विसरलास की अख्खं टेबल रिकामं, विचारणारही कोणी नाही. तीच अट आधी सिलेक्टला (ओळी नुसत्या दाखवणारा हुकूम) लावून ओळी बघ. मग ट्रान्झॅक्शन (शेवटी पक्के किंवा रद्द करता येणारे बदल) सुरू करून डिलीट कर; काढलेल्या ओळींचा आकडा जुळला तर कमिट (पक्कं), नाहीतर रोलबॅक (रद्द). ट्रान्झॅक्शन सुरू न करता मायएसक्यूएलमध्ये (एक डेटाबेस प्रणाली) डिलीट मारलंस तर ते लगेच कायम होतं.
- इन्सर्टमध्ये (नवी ओळ घालायचा हुकूम) कॉलमांची नावं लिहीच. क्रम बदलला तर पेट्यांच्या जागी भाव बसेल. दोन्ही आकडेच, त्यामुळे एररही येणार नाही.
- आधी ग्राहक, मग त्याची ऑर्डर, काढताना उलट. फॉरेन की (ऑर्डर तिच्या ग्राहकाशी बांधणारा नियम) अडवते म्हणून वैतागून ती काढू नकोस. एसक्यूलाइटमध्ये (दुसरी एक डेटाबेस प्रणाली) ती सहसा मुद्दाम चालू करावी लागते.

कॅस्केडच्या (ग्राहक काढला की त्याच्या ऑर्डरीही आपोआप काढणारी सोय) वाटेला सध्या जाऊ नकोस.