उतरायचं कुठे, फिरायचं कसं? नाशिकबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईचं वय ७२, गुडघे दुखतात. आम्ही नवरा-बायको तिला घेऊन देवगिरी एक्स्प्रेसने उत्तररात्री नाशिक रोडला उतरू. रामकुंड, काळाराम आणि त्र्यंबकेश्वर करायचं आहे, मुक्काम दोन रात्री. स्टेशनसमोरचं हॉटेल स्वस्त दिसतंय. घ्यावं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : घेऊ नका. नाशिक रोड स्टेशनपासून पंचवटी ९-१० किलोमीटर लांब आहे आणि वाटेत द्वारका चौक लागतो. सकाळ-संध्याकाळ तिथे गाड्या तुंबतात. खोलीत वाचलेले पैसे दोन दिवसांच्या रिक्षाभाड्यात जातील, आईला रोज दोनदा धक्के बसतील ते वेगळेच. रामकुंड आणि काळाराम दोन्ही पंचवटीतच आहेत, तेव्हा पंचवटी कारंजा ते काळाराम मंदिर या पट्ट्यातच उतरा. अगदी रामकुंडालगतच्या गल्लीतली खोली मात्र टाळा. तिथे गर्दीत रिक्षा दारापर्यंत येईलच असं नाही, आणि बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आठवडे बाजार भरतो.

फोनवर नुसतं ‘लिफ्ट आहे का’ विचारून भागत नाही. अनेक लॉजमध्ये खाली दुकानं आणि काउंटर पहिल्या मजल्यावर असतं. लिफ्ट तिथून पुढे सुरू होते आणि पहिला जिना चढावाच लागतो. म्हणून ‘रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या?’ असं विचारा. संडासात कमोड आहे का, हेही विचारा. गरम पाणी कधी मिळतं ते नक्की कळू द्या. काही ठिकाणी ते ठरावीक तासांतच सोडतात, आणि तुम्हाला त्र्यंबकला पहाटे निघायचं आहे.

खरा घोळ होतो तो दिवस मोजण्यात. दुपारी बारा ते बारा असा हिशोब असलेल्या लॉजमध्ये उत्तररात्री तीनला शिरलात, तर त्या दिवशी बाराला एक भाडं संपतं. नऊ तासांचे पैसे पूर्ण दिवसाचे जातात. चोवीस तासांचा हिशोब असेल तर तीन ते तीन. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या आणि उत्तर मेसेजवर मागा. बारा ते बाराचंच मिळालं, तर उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयात थांबा आणि लवकर खोली देण्याचे किती घेतील ते आधी ठरवा. जीएसटी दरात धरलाय की वरून लावणार, हेही त्याच फोनवर. प्रत्येकाचं आधार कार्ड जवळ हवं, फक्त एकाचं चालत नाही.

रामकुंडावर आईला पाण्यात उतरवताना सांभाळा. पायऱ्यांना शेवाळ असतं. काठावर बसवून तांब्याने अंघोळ घालणं बरं. कपालेश्वर तिथेच समोर आहे, पण उभ्या पायऱ्यांवर. सीतागुंफेत वाकून, बसून सरकावं लागतं, तो हट्ट या वेळी सोडा. काळारामपर्यंत चढ आहे, तिथे रिक्षाच करा. नाशकात रिक्षा मीटरवर क्वचितच चालतात. आधी ॲपवर त्याच अंतराचं भाडं बघा, मग बोला, आणि ‘मंदिराच्या दारापर्यंत’ हे शब्द स्पष्ट उच्चारा. नाहीतर अलीकडच्या चौकात उतरवतात.

त्र्यंबक साधारण ३० किलोमीटर. सोमवार सोडून कोणताही वार धरा. श्रावणातला तिसरा सोमवार तर ब्रह्मगिरीच्या फेरीचा, त्या दिवशी ज्येष्ठांना नेऊच नये. एसटीने गेलात तर आईला ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि तुमच्या पत्नीला महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे. शहरात आणि त्र्यंबकपर्यंत सिटीलिंकच्याही बस धावतात, पंचवटीतून निमाणी स्थानक जवळ पडतं. पण ती महापालिकेची सेवा आहे. एसटीच्या सवलती तिथे धरून चालू नका, सुटे पैसे ठेवा.

प्रश्न : नारायण नागबळीसाठी यायचं आहे. नाशिकला राहून रोज त्र्यंबकला ये-जा केली तर?
– एक वाचक, अकोला

उत्तर : नाही जमणार. विधी तीन दिवसांचा आहे आणि तो पुरा होईपर्यंत त्र्यंबक सोडायचं नसतं. खोली त्र्यंबकलाच घ्या. राहणं-जेवण दक्षिणेत धरलंय का, हे गुरुजींनाच आधी विचारा.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी घेऊन मुंबईहून येतोय. पांडवलेणी आणि गंगापूर धरणाकडची बाजू बघायची आहे. कुठे राहावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गंगापूर रोड किंवा कॉलेज रोड. रस्ते रुंद आणि धरणाची वाट सरळ. पांडवलेणी मुंबईहून येतानाच, शहरात शिरण्याआधी उरका. पाथर्डी फाट्याजवळ महामार्गालगतच आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि पावसात निसरड्या होतात. लेण्यांनंतर वेळीच सर्व्हिस रोडला लागा. उड्डाणपुलावर चढलात तर शहरात वळायचे मुंबई नाका आणि द्वारका हे चौक खालीच राहतात, आणि तुम्ही आडगावच्या दिशेला जाऊन पडता.

हॉटेलची पार्किंग ‘आहे’ म्हणजे आतली की रस्त्यावरची, हे विचारा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: पावसाळ्यात गोदाघाटावर गाडी लावून दर्शनाला किंवा जेवायला जाऊ नका. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर धरणाच्या पाणलोटात पाऊस असतो. गंगापूरमधून विसर्ग वाढवला की घाट पाण्याखाली जातो आणि गाड्या अडकतात. नाशिककर पुराची पातळी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी त्याच्या पायाला लागलं की घाटावरून वर यायचं.

प्रश्न : मुलीची परीक्षा आहे, केंद्र ‘नाशिक’. ती एकटी येईल. सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) खोली घेऊ का?
– एक पालक, नंदुरबार

उत्तर : हॉल तिकिटावरचा पूर्ण पत्ता येईपर्यंत पैसे भरू नका, किंवा रद्द करता येणारं बुकिंग करा. केंद्र सातपूरला असेल तर सीबीएस-त्र्यंबक नाका ठीक. अंबडला असेल तर सिडको-पाथर्डी फाट्याकडे राहावं. नाशिक रोडचं असेल तर तिथेच, सकाळी द्वारकेच्या कोंडीवर विसंबू नये. केंद्र आडगावकडे असेल तर पंचवटी.

एकट्या मुलीला खोली देतो का, हे लॉजला स्वतः फोन करून विचारा. ॲपवर बुकिंग होऊनही काही ठिकाणी काउंटरवर नकार मिळतो, आणि तो रात्री मिळाला तर पोरगी अडकते. आदल्या दिवशी उजेडी पोहोचून तिने केंद्राचं फाटक प्रत्यक्ष बघून यावं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट नंबरवरून इमारत शोधताना नकाशा कधी कधी मागच्या भिंतीपाशी नेतो. येताना रिक्षावाल्याचा नंबर घेऊन सकाळची वेळ ठरवावी, कारण तिकडे रविवारी सकाळी रिक्षा कमी असतात आणि बऱ्याच परीक्षा नेमक्या रविवारीच येतात.