शिनरिन-योकू, म्हणजे जंगलात निवांत रमण्याचं जपानी ‘वनस्नान’, पहिल्यांदाच करताय? मग एवढंच बघा

एकाच सहलीत चार जंगलं कोंबू नका. नागानो प्रांतातलं आकासावा पुरे. १९८२ साली जपानमध्ये या वनस्नानाची सुरुवात तिथेच झाली, आणि तिथले हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्ष तीनशे वर्षांहून जुने आहेत. आगेमात्सु स्टेशनवरून बस मिळते. फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा. हिवाळ्यात जंगल बंद असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे याला ट्रेक समजणं. सह्याद्रीत भराभर गड चढणाऱ्यांचे पाय तर आवरतच नाहीत! दोन तासांत दोन किलोमीटर झाले तरी भरपूर. गाईड थांबेल तिथे थांबा. हिनोकीची तांबूस साल उभ्या पट्ट्यांनी सुटलेली असते. तिच्यावर हात फिरवा, पण सोलू नका. खाली पडलेली डहाळी चुरगाळून हुंगा, लिंबासारखा वास येईल.

बाकी किरकोळ:
- फोन सायलेंटवर नको, बंदच करा.
- अस्वलांना चाहूल लागावी म्हणून सोबत बांधलेली घंटा किणकिणते म्हणून काढून ठेवू नका.
- जून-जुलैत पाऊस असतो, रेनकोट हवाच.
- इंग्रजी बोलणारा गाईड हवा असेल तर बुकिंग करतानाच विचारा.

कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक), फायटोनसाइड (झाडं हवेत सोडतात ती द्रव्यं) वगैरे वाचन सध्या राहू द्या. आधी जाऊन या, मग बोलू.