वाचकांचे प्रश्न : इस्रायलबाहेरचे ज्यू तरुण आणि इस्रायलशी त्यांचे नाते

प्रश्न : अमेरिकेतील ज्यू तरुणांना दहा दिवसांसाठी इस्रायलला मोफत नेले जाते, असे ऐकले. हे खरे आहे का? हा खर्च कोण करते आणि कशासाठी?

उत्तर : हे खरे आहे, आणि केवळ अमेरिकेपुरते नाही. ‘बर्थराइट इस्रायल’ अथवा हिब्रूत ‘तग्लित’ या नावाची ही योजना १९९९च्या अखेरीस सुरू झाली. चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या दोन उद्योजकांनी तिचा पाया घातला. खर्चाचा भार खासगी देणगीदार, इस्रायल सरकार आणि ठिकठिकाणच्या ज्यू समाजांचे सामूहिक निधी यांनी मिळून उचलला. साधारणपणे १८ ते २६ या वयोगटासाठी असलेल्या या सहलीला आजवर आठ लाखांहून अधिक तरुण जाऊन आले आहेत.

यामागे एक खोल काळजी होती. अमेरिकेतील ज्यू समाजाची १९९०ची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा अलीकडे लग्न झालेल्या ज्यूंपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी समाजाबाहेर विवाह केल्याचे दिसले. पुढच्या पिढीत ही ओळख टिकेल का, हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला आणि तरुणांना इस्रायल प्रत्यक्ष दाखवणे हे त्यावरचे एक उत्तर मानले गेले. सहलीत मसादा हा प्राचीन किल्ल्याचा डोंगर, जेरुसलेमची पवित्र पश्चिम भिंत, याद वाशेम हे नाझींच्या ज्यू नरसंहाराचे स्मारक असे सगळे असते. पण माझ्या मते खरे महत्त्व आहे ते बसमध्ये काही दिवस सोबत राहणाऱ्या इस्रायली तरुणांचे, ज्यांतील बरेच जण त्या वेळी सैन्यात असतात. जेरुसलेममधील हर्झल टेकडीवरील लष्करी दफनभूमीत आपल्याच वयाचा सोबती एखाद्या मित्राच्या कबरीजवळ थांबून त्याच्याविषयी बोलू लागतो, तेव्हा पाहुण्या मुलांना तो देश नकाशातून बाहेर येऊन माणसांच्या रूपात भेटतो.

प्रश्न : दहा दिवसांत असा काय फरक पडणार? बाकीचे वर्षभर हे समाज आपल्या मुलांसाठी नेमके काय करतात?

उत्तर : हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण सहल हा फार लांब साखळीतील एक दुवा आहे आणि ती साखळी मुले राहतात त्या देशातच घडवली जाते. अमेरिकेत ‘पीजे लायब्ररी’ २००५पासून लहान मुलांच्या घरी दरमहा ज्यू जीवनाविषयीची पुस्तके विनामूल्य पाठवते. पुढे उन्हाळी शिबिरे येतात. ‘रामाह’ शिबिरांपैकी पहिले १९४७मध्ये विस्कॉन्सिनमध्ये भरले. विद्यापीठात गेल्यावर ‘हिलेल’ असते. १९२३मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या या संस्थेच्या केंद्रांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, जेवण मिळते आणि घरापासून दूर आलेल्या मुलाला चार ओळखीचे चेहरे भेटतात. शिक्षण संपल्यानंतरचा एकाकी काळ ध्यानात घेऊन २००६मध्ये ‘मोइशे हाउस’ सुरू झाले. तेथे विशीतले काही तरुण एकत्र राहतात, त्यांच्या घरभाड्याचा काही भाग संस्था देते आणि त्या बदल्यात ते आपल्या घरी समवयस्कांसाठी कार्यक्रम करतात.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका या देशांत युवक चळवळींचे वजन मोठे आहे. १९२९मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जन्मलेली ‘हबोनिम’ ही त्यांपैकी एक. या चळवळींत मुलांना सांभाळणारे प्रौढ शिक्षक नसतात. सतरा-अठरा वर्षांचे ‘माद्रिख’, म्हणजे मार्गदर्शक, धाकट्यांचे दादा-ताई होऊन शिबिर चालवतात, आणि आज शिकणारा मुलगा काही वर्षांत स्वतः माद्रिख होतो. अशा तरुण नेत्यांना जेरुसलेममध्ये प्रशिक्षण देणारी ‘माखोन’ ही संस्था १९४६पासून, म्हणजे इस्रायल राष्ट्राच्या स्थापनेच्याही आधीपासून, काम करते. सोळाव्या वर्षी शालेय परीक्षा आटोपली की ब्रिटनमधील अनेक मुले याच चळवळींबरोबर उन्हाळ्यात इस्रायलला जातात. ज्यांना तेथे काही महिने राहून शिकायचे किंवा काम करायचे आहे, त्यांच्यासाठी इस्रायल सरकार आणि जगभरच्या ज्यूंना इस्रायलशी जोडणारी ‘ज्यू एजन्सी’ ही संस्था यांनी २००४मध्ये ‘मासा’ हा उपक्रम उभा केला.

सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण मात्र हंगेरीतील सार्वाश येथील शिबिराचे आहे. साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर १९९०मध्ये ‘जॉइंट’ ही अमेरिकी ज्यूंची मदतसंस्था आणि लाउडर फाउंडेशन यांनी ते सुरू केले. पूर्व युरोपात नाझींच्या नरसंहारातून वाचलेल्या आणि नंतरच्या दडपणाखाली जगलेल्या अनेक कुटुंबांनी आपले ज्यू असणे मुलांपासूनही लपवले होते. त्यामुळे येथे उलटा प्रवास घडला : मुले शिबिरात शब्बाथच्या प्रार्थना शिकली आणि घरी परतून त्यांनी त्या आईवडिलांना शिकवल्या.

पैशाची मदत कशी केली जाते, हेही सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये १८९२पासून बिनव्याजी कर्ज देणारी ‘हिब्रू फ्री लोन सोसायटी’ आहे आणि अशा संस्था अन्य शहरांतही आहेत. गरजू बांधवाकडून व्याज घेऊ नये या तोरा या ज्यू धर्मग्रंथातील आज्ञेवर त्या उभ्या आहेत. शिक्षणासाठी कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपण दान घेतले असे वाटत नाही. त्याने फेडलेली रक्कम दुसऱ्याच्या हाती जाते.

प्रश्न : गाझातील युद्धानंतर ही तरुण पिढी इस्रायलपासून दुरावत आहे का?

उत्तर : अंतर युद्धाच्या आधीही होते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२०च्या पाहणीत ६५ वर्षांवरील ज्यूंपैकी ६७ टक्क्यांनी इस्रायलशी भावनिक जवळीक असल्याचे सांगितले, तर तिशीच्या आतील ज्यूंमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. २०१८मध्ये बर्थराइटच्या काही सहभागींनी पॅलेस्टिनी लोकांची बाजू दाखवली जात नाही म्हणून सहल अर्ध्यावर सोडली. हमासने ७ ऑक्टोबर २०२३ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर आणि त्यामागून आलेल्या युद्धात दोन्ही प्रवाह वेगाने वाहू लागले. काही जण स्वयंसेवक म्हणून शेतांत राबायला इस्रायलला गेले, तर काही जण विद्यापीठांत युद्धविरोधी आंदोलनांत उतरले. जून २०२५मध्ये इराणशी संघर्ष पेटला तेव्हा सुमारे दीड हजार बर्थराइट सहभागींना जहाजाने सायप्रसला न्यावे लागले.

माझे स्पष्ट मत असे की ज्या संस्था शब्बाथच्या जेवणाला बसू देण्याआधी राजकीय मते तपासतात, त्या तरुणांना गमावतात. ज्या मुलाला आजारपणात, परीक्षेत आणि बेकारीत समाजाने धरून ठेवले, तो इस्रायल सरकारवर कठोर टीका करतानाही त्याच टेबलाशी बसून करील.

प्रश्न : महाराष्ट्रातील बेने इस्रायली तरुणांना अशा योजनांचा लाभ मिळतो का?

उत्तर : मिळतो. ‘जॉइंट’ आणि ज्यू एजन्सी यांचे काम मुंबईत आहे, आणि येथील तरुण बर्थराइट व मासा या उपक्रमांतून इस्रायलला जाऊन आले आहेत. परंतु कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी भाषक ज्यू समाजाचे इस्रायलशी नाते योजनांच्या आधीचे आहे. १९४८नंतर बहुसंख्य बेने इस्रायली स्थलांतरित झाले आणि दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा अशा शहरांत वसले, म्हणून येथे उरलेल्या बहुतेक कुटुंबांचे काका, मावश्या, आतेभावंडे तिकडेच आहेत. हे नाते सुरळीत नव्हते, हेही तरुणांना सांगायला हवे. १९६०च्या दशकारंभी तेथील मुख्य रब्बिनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने, बेने इस्रायलींच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी सुरू केली, तेव्हा या लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचा ठराव केला. शिबिरांमध्ये मसादाच्या जोडीने हा लढाही शिकवला जावा, असे मला वाटते.