बडोद्यात ६३ वर्षांच्या आईला संगणक आणि नेटवर माहिती शोधणं फुकट शिकवायचंय. वाचनालयाचा वर्ग उपयोगी पडेल का?

पडेल, पण वर्ग निवडताना एक बघा: नुसतं टायपिंग शिकवतात की शोधायलाही? मी आमच्या भागातल्या वाचनालयात अशा वर्गाला मदत करतो. पहिले दोन दिवस माऊसमध्येच जातात. डबल क्लिक करताना हात हलतो आणि फाइल उघडायच्या ऐवजी भलतीकडेच सरकते. होऊ द्या.

खरी मजा पुढे. एका काकूंनी बँकेचा हेल्पलाइन नंबर शोधला, तर सगळ्यात वर जाहिरात. तिथं बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते आधी दाखवा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा. शोधून मिळालेला नाही. मग अवतरणचिन्हं: नेमके शब्द त्यांत घातले की फापटपसारा बराच कमी होतो. आईला वाचनाची आवड असेल तर मराठी विश्वकोशापासून सुरुवात करा. तो नेटवर मोफत आहे, आणि ओळखीच्या विषयावर शोधताना भीती मोडते.

चौकशी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत करा, घराजवळच्या वाचनालयातही. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि पुढच्याच वर्षी इथं ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा वाचनालयात शिकवणं आपल्या गावाला नवीन नाही. जाताना आधार कार्ड आणि वही न्या. आणि हो, पासवर्ड त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहू देऊ नका, सगळे तिथेच लिहितात!