मेळघाटला जायचे, पण कोणत्या दाराने?

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये मेळघाटविषयी विचारणा करणारी पत्रे बरीच होती. जंगलात काय पाहावे यापेक्षा तिथे पोहोचावे कसे, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये, देशातील पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक म्हणून अस्तित्वात आला. त्याच्या पोटातील सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान आजही महाराष्ट्रातील पोहोचायला सर्वांत आडवळणाच्या उद्यानांपैकी एक आहे. आलेल्या पत्रांपैकी चार निवडून त्यांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत, माझे वय ७६ आणि पत्नीचे ६८. स्वतःची गाडी नाही आणि भाड्याच्या गाडीचा चार दिवसांचा खर्च पेलण्यासारखा नाही. डिसेंबरमध्ये रेल्वे आणि एस.टी. एवढ्यावर मेळघाट करता येईल का? कोणत्या स्टेशनवर उतरावे, याविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो. – एक वाचक, ठाणे

करता येईल, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांनी ते एस.टी.नेच करावे. परंतु गाडीचे तिकीट काढण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागेल. मेळघाटला एकच दार नाही. सेमाडोह-कोलकासचा भाग, चिखलदऱ्याचे पठार आणि अकोला जिल्ह्याच्या बाजूने नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी असलेले शहानूर, ही तीन निरनिराळी ठिकाणे असून त्यांना जाण्याचे रस्ते निरनिराळे आहेत. सेमाडोह आणि शहानूर तर डोंगररांगेच्या दोन अंगांना आहेत. नकाशावर बोटभर दिसणारे हे अंतर प्रत्यक्षात घाटवाटांनी बरेच वाढलेले असते. काही वर्षांपूर्वी सकाळच्या फेरीचे आरक्षण शहानूरचे आणि मुक्काम मात्र सेमाडोहला, अशी चूक मी स्वतः केली होती. पहाटे निघूनही मी पोहोचलो तेव्हा सफारीच्या उघड्या जिप्सी गाड्या केव्हाच आत गेल्या होत्या. म्हणून आधी दार ठरवावे, त्याच दाराशी मुक्कामाचे आणि सफारीचे आरक्षण करावे, आणि मगच रेल्वेचा विचार करावा.

आपल्यासाठी मी सेमाडोह सुचवतो. त्याचे कारण साधे आहे : सेमाडोह परतवाडा-धारणी या मुख्य रस्त्यावरच असल्यामुळे एस.टी. गावातच उतरवते आणि सामान घेऊन पायपीट करावी लागत नाही. सिपना नदीकाठचे कोलकासचे विश्रामगृह माझ्या मते अधिक रम्य आहे, पण ते तिथून सुमारे १५ किलोमीटर पुढे आणि मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहे. गुडघ्यांची तक्रार असेल तर फाट्यावर उतरून आत जाण्याची सोय आधी बोलून ठेवावी लागते.

आता रेल्वेविषयी. मुंबईहून रात्री निघणारी अमरावती एक्सप्रेस सकाळी थेट अमरावतीला सोडते आणि ठाण्याहून येणाऱ्यांना तिच्याइतकी सोयीची दुसरी गाडी नाही. तिचे आरक्षण मिळाले नाही, तर नागपूर मार्गाच्या एखाद्या गाडीने बडनेऱ्याला उतरावे. तिथून अमरावती १० किलोमीटरवर आहे. या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना करतो, कारण नावांच्या सारखेपणामुळे अनेकांची फसगत होते. मुख्य लोहमार्गावर धामणगाव नावाचे स्टेशन आहे आणि चिखलदऱ्याच्या वाटेवर धामणगाव गढी आहे. ही दोन गावे जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार यांचेही तेच. आपल्याला उतरायचे आहे ते अमरावती किंवा बडनेरा येथेच, हे तिकीट काढताना पक्के लक्षात ठेवावे.

अमरावतीच्या बसस्थानकावरून परतवाड्यासाठी दिवसभर गाड्या मिळतात. अंतर सुमारे ५० किलोमीटर, वेळ दीड तास. परतवाड्याहून सेमाडोहचे अंतरही जवळपास तेवढेच आहे, पण त्याला दोन तास धरावेत, कारण परतवाडा सोडले की घाट लागतो आणि बिहाली, घटांग करीत रस्ता वळणावळणाने चढत जातो. धारणीकडे जाणारी कोणतीही गाडी सेमाडोहवरून जाते. बऱ्हाणपूरची गाडीही चालते. मात्र अशा गाड्या मोजक्या असतात, म्हणून परतवाड्याला उतरल्याबरोबर चहाच्या टपरीकडे वळण्याआधी चौकशीच्या खिडकीवर पुढच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी. दुपारी तीननंतर परतवाड्यात असाल आणि पुढच्या गाडीची खात्री नसेल, तर सरळ परतवाड्यातच मुक्काम करावा.

भाड्याच्या बाबतीत आपल्याला चिंता करण्याचे कारण नाही. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना राज्याच्या हद्दीत एस.टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे. दोघांचीही आधार कार्डे हाताशी, वरच्या खिशातच ठेवावीत. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. परतीला बऱ्हाणपूरमार्गे जाण्याचा विचार असेल, तर मध्य प्रदेशातल्या टप्प्याचे भाडे पूर्ण पडेल.

या बसप्रवासाची शिफारस मी केवळ स्वस्त म्हणून करीत नाही. गेल्या वर्षी परतवाड्याहून मी ज्या गाडीने गेलो, तिच्यात माझ्या शेजारी एक वृद्ध कोरकू बाई बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी मीठ-तेलाची पिशवी आणि कागदात गुंडाळलेले नवे जर्मनचे पातेले होते, आणि गाडी प्रत्येक वळणावर कलली की त्या पायाने ते पातेले अडवून धरीत. घटांगच्या पुढे, जिथे ना पाटी होती ना शेड, तिथे कुणी न सांगताच वाहकाने घंटी ओढली, पातेले स्वतः खाली उतरवून दिले, आणि बाई झाडीतल्या पायवाटेने निघून गेल्या. जिप्सीत बसून आपण जे जंगल पाहतो, त्यात माणसे राहतात आणि ही एस.टी. त्यांचा बाजार, दवाखाना आणि शाळा यांच्याशी असलेला दुवा आहे, हे तेव्हा फार जवळून दिसले. त्यामुळे बाजाराच्या दिवशी गाडीत गर्दी असेल तर मनात त्रागा येऊ देऊ नये, आणि मोठ्या बॅगा मार्गिकेत ठेवू नयेत.

गाडी चुकली तर परतवाड्याहून काळी-पिवळी मिळते, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरल्यानंतरही आणखी भरते. आपल्या वयाच्या प्रवाशांना घाटातून त्या दाटीत बसण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : आम्ही नाशिकहून स्वतःच्या गाडीने जाणार आहोत. समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाल्यामुळे दुपारी कार्यालय सुटल्यावर निघालो, तर रात्री उशिरापर्यंत थेट सेमाडोहला पोहोचता येईल, असा आमचा हिशेब आहे. तो बरोबर आहे का? – एक वाचक, नाशिक

किलोमीटरचा हिशेब बरोबर आहे, पण बेत बदलावा असे मी आग्रहाने सांगेन. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सलग वापरता येतो आणि अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला उतरून अमरावती गाठता येते. तिथपर्यंत रात्रीचा प्रवास करायचा तर करावा, मात्र एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागते हे ध्यानात ठेवून दर दोन तासांनी थांबावे.

परतवाड्याच्या पुढे मात्र रात्री जाऊ नये. घाटातील रस्ता अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत आणि बऱ्याच भागात मोबाईलला रेंज नसते; गाडी बंद पडली तर मदत मागायलाही कुणी नसते. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, हा रस्ता रात्री आपला नसतो. सांबर, गवा, अस्वल, बिबट्या आणि वाघ यांची हालचाल अंधारातच अधिक असते, आणि समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोताने सांबर पळण्याऐवजी जागच्या जागी खिळून उभे राहते. महामार्गावर कित्येक तास भरधाव चालवून आलेल्या चालकाचा पाय त्या क्षणी ब्रेकवर वेळेवर पडेलच, याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. वन्यप्राणी पाहण्यासाठी निघालेल्या माणसाच्याच गाडीखाली एखादा प्राणी जाणे, याइतकी दुःखद गोष्ट नाही.

तेव्हा रात्री अमरावती किंवा परतवाडा येथे मुक्काम करावा आणि सकाळी उजाडल्यावर घाट चढावा. परतवाड्यातच इंधनाची टाकी पूर्ण भरून घ्यावी, टायरची हवा आणि स्टेपनी पाहून घ्यावी, थोडी रोकड जवळ ठेवावी आणि नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून घ्यावा. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी आणि वळणावर हॉर्न एकदाच, थोडका वाजवावा. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून माकडांना खाणे देणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्या सवयीमुळे ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली मरतात.

प्रश्न : अमरावतीला विमान सुरू झाल्याचे ऐकले. मेळघाटसाठी त्याचा उपयोग आहे का? – एक वाचक, मुंबई

आहे, पण मर्यादित. बेलोरा येथील विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबई-अमरावती प्रवासी सेवा सुरू झाली. विमान लहान आहे, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी चालू वेळापत्रक पाहावे आणि त्याप्रमाणेच जंगलातील आरक्षण करावे. दुसरा पर्याय नागपूरचा आहे. तिथून अमरावती सुमारे १५५ किलोमीटर आहे. एकूण वेळ मोजला तर रात्रीच्या रेल्वेपेक्षा फार काही वाचत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझे आजोबा अकोल्याहून खांडव्याला रेल्वेने जात असत आणि गाडी जंगलातून जाताना खिडकीतून मोर-हरणे दिसत, असे सांगत. ती गाडी आता का नाही? आम्हाला मुलांना घेऊन अकोल्याहून रेल्वेनेच जंगलाच्या जवळ जाता येईल का? – एक वाचक, अकोला

आपले आजोबा सांगत ते खरे आहे. अकोला-खांडवा हा मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा, मार्ग अकोट, हिवरखेड, वान रोड, धूळघाट असा मेळघाटच्या पश्चिम अंगातून जात असे. धूळघाटजवळ चढ इतका तीव्र होता की, तो झेपावा म्हणून रूळ मोठा फेरा घेऊन स्वतःलाच वरून ओलांडत असत. गाडी तिथे इतकी सावकाश चाले की मागच्या डब्यातून आपल्याच गाडीचे इंजिन वर दिसे. मी तो प्रवास एकदाच, पावसाळ्यानंतर केला आहे. डब्यातली सगळी मुले एका बाजूच्या खिडक्यांना चिकटली होती.

गेज रूपांतरासाठी ही वाहतूक २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. अकोला ते अकोट हा भाग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर प्रवासी गाडी धावू लागली. खरा वाद पुढच्या टप्प्याचा होता. जुना मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जवळजवळ ४० किलोमीटर जात असे. मीटरगेजवर दिवसाला मोजक्या गाड्या, त्याही हळू जात. ब्रॉडगेज झाल्यावर गाड्या वाढणार, वेग वाढणार, मालगाड्या रात्रभर जाणार, आणि हे सारे वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. त्यामुळे जंगलाला वळसा घालून सोनाळा, जामोद या बाजूने मार्ग न्यावा, अशी मागणी वन्यजीव अभ्यासकांनी लावून धरली आणि राज्य सरकारनेही ती उचलून धरली. तो वळसा लांबीने आणि खर्चाने अधिक असला, तरी त्यावर वस्तीची गावे आहेत आणि त्या गावांना रेल्वे हवी आहे. आजोबांच्या आठवणीतील गाडीविषयी मलाही हळहळ वाटते. तरीही जंगलातून वेगवान मार्ग नेण्यापेक्षा हा वळसाच योग्य आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. आपण अकोल्याचे असल्यामुळे सेमाडोहच्या मागे न लागता शहानूरच्या दाराने जावे. अकोला-अकोट अंतर सुमारे ४५ किलोमीटर असून ते रेल्वेने जाता येते. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूर साधारण २० किलोमीटरवर आहे. या टप्प्यासाठी अकोटमध्येच रिक्षा किंवा जीप ठरवावी, आणि ठरवतानाच परतीची वेळही सांगून ठेवावी, कारण शहानूरला उभे राहून परतीचे वाहन मिळण्याची शाश्वती नसते. सकाळच्या फेरीसाठी आदल्या संध्याकाळीच शहानूरला मुक्कामाला जावे, दुपारच्या फेरीसाठी सकाळची रेल्वे पुरते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते, तेव्हा मुलांच्या सुट्टीचा मेळ दिवाळीशी किंवा नाताळाशी घालावा. नरनाळा किल्ला चढायचा असेल, तर मुलांबरोबर तो एक पूर्ण दिवस घेतो. सफारी आणि किल्ला एकाच दिवशी उरकू नये. अकोल्याहून निघताना खिडकीच्या जागा मुलांना द्याव्यात. मोर आता त्या रुळांवरून दिसणार नाहीत, पण अकोट जवळ येऊ लागले की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसू लागते, आणि आजोबांची गाडी त्याच रांगेत शिरत असे, हे त्यांना तिथेच दाखवता येईल.