मारामारीच्या सिनेमात एवढं बघण्यासारखं काय असतं?

गुरूला मारलं, चेल्यानं सूड घेतला, गोष्ट सगळीकडे तीच. मग लोक कुंग-फूचे सिनेमे परत परत का बघतात, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचा, त्यामुळं माझं उत्तर इथल्या कुस्तीच्या खासबाग मैदानातूनच सुरू होतं.

तिथं आलेला शौकीन नुसत्या निकालासाठी येत नाही. निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात येतोच. एकेरी पट कसा काढला, खालचा पैलवान ताब्यातून कसा निसटला, घिस्सा डाव नेमका कुठं बसला, हे बघायला तो येतो. शाहू महाराजांनी मैदानच तसं बांधून घेतलंय. मधे आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, दोन्ही पैलवान डोक्यापासून पायापर्यंत दिसतात.

हाँगकाँगच्या चांगल्या सिनेमांनी कॅमेऱ्याला हीच जागा दिली. तिथं मारामारी बसवणाऱ्यालाच बऱ्याचदा कॅमेरा कुठं ठेवायचा हे ठरवू द्यायचे. म्हणून एकाच शॉटमध्ये डाव, प्रतिडाव आणि त्यावरची तोड सलग दिसते. हल्लीच्या कित्येक सिनेमांत मात्र हात उगारला की कट, लागला की कट. आवाज मोठा, पण कोण कुणाला भारी पडला ते कळतच नाही. मला ते बघवत नाही.

दुसरं कारण म्हणजे अंगमेहनत. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बियाओ हे हाँगकाँगचे नट लहानपणी एकाच पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीत नाटकाच्या, शाळेत कसरती शिकले. १९८५च्या 'पोलीस स्टोरी'त जॅकी चॅन मॉलमधल्या, दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून खरोखर घसरत खाली आला आणि त्याचे हात भाजले. असं काही बघताना आपलंही अंग आक्रसतं. शिवाय त्याच्या मारामारीत माणूस दिसतो. तो घाबरतो, पळतो, हाताला येईल ती खुर्ची-शिडी वापरतो, ठोसा मारल्यावर स्वतःचाच हात झटकतो. ब्रूस लीचं उलट. तो आधी स्थिर उभा राहतो आणि त्या उभं राहण्यातच समोरच्याची निम्मी हिंमत जाते. संवाद नसतानाही दोघांचे स्वभाव वेगळे कळतात.

पण माझा सगळ्यात जीव आहे तो १९७८च्या 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'वर. त्यातला मोठा भाग मारामारीचा नाहीच, शिकण्याचा आहे. नायक दोन्ही हात ताठ धरून पाण्याच्या बादल्या वाहतो. दंडांना सुऱ्या बांधलेल्या, हात खाली आले की टोक बरगडीत. पहाटे उठून जोर-बैठका मारलेल्या आणि आखाड्याची माती उकरलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढं तो लढतो तेव्हा प्रत्येक फटका त्यानं कुठं कमावला ते आपल्याला माहीत असतं, म्हणून तो फटका पटतो.

तुम्ही 'पोलीस स्टोरी'पासून सुरुवात करा. शेवटची मॉलमधली मारामारी दोनदा बघा, आणि दुसऱ्या वेळी हातांकडं न बघता फक्त पायांकडं बघा.