जवारीचा लोगो आणि बारावीचं वर्ष

मिरजेहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी कॉमर्सला आहे आणि जगात कुठेच नसलेल्या कंपन्यांचे लोगो काढण्यात त्याच्या रात्री जातात. 'ज्या कंपन्याच नाहीत, त्यांचे लोगो काढून याचं पोट कसं भरणार?' असं विचारून त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले आहेत.

नमस्कार,

सगळी पानं पाहिली. कॉफीच्या दुकानासाठी बी आणि वर वाफ, ट्रेकिंगच्या बुटांसाठी डोंगराचं टोक. हात स्वच्छ आहे, पण असे लोगो कुणीही काढतं. 'जवारी', म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा गुंजणारा नाद, असं नाव दिलेल्या, तारा विकणाऱ्या कल्पित कंपनीच्या पानावर मात्र मी थांबले. तंबोऱ्याच्या चार तारा आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, एका तारेखाली सरकवलेला सुताचा धागा. तो संध्याकाळी शेजारच्या तंबोरे बनवणाऱ्यांकडे जाऊन बसतो, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे. मला तर ती त्याची खरी शिकवणी वाटते. धागा केसभर सरकला की तार कशी गुंजू लागते, हे त्याने जवळून पाहिलं, म्हणूनच ते कागदावर उतरलं. कॉफीबद्दल त्याला असं काही ठाऊक नाही, आणि ते चित्रात दिसतं.

आता त्या लोगोतली चूकही सांगते. व्हिजिटिंग कार्डाच्या आकारात तो धागा दिसेनासा होईल आणि उरतील नुसत्या चार रेघा. त्याला स्टेट बँकेचं चिन्ह नीट न्याहाळायला सांगा. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ते केलं आणि १९७१ पासून ते वापरात आहे. एक निळं वर्तुळ, मध्ये छिद्र आणि खाली फट, एवढंच. दुकानाच्या पाटीवर आणि पासबुकाच्या कोपऱ्यात ते सारखंच ओळखू येतं. रुपयाचं चिन्हही तसंच. डी. उदय कुमार यांच्या त्या रचनेला २०१० मध्ये मान्यता मिळाली. आपला 'र', रोमन 'आर' आणि वरची शिरोरेषा त्यात अशी बसली आहे की भाजीवालाही पाटीवर ते खडूने सहज काढतो. जवारीच्या लोगोतही एक तार आणि एक धागा पुरेल. 'जवारी' ही अक्षरं त्याने आयत्या फॉन्टमधून न घेता स्वतः काढावीत. शिरोरेषेला तार करता येते का, हे त्याने जरूर करून पाहावं.

आणखी चाळीस कंपन्या नकोत. हीच एक धरून तारांचं पाकीट, बिलबुक, दुकानाची पाटी असं सगळं करू दे. खोडलेली पानं फेकू नका, कारण मुलाखतीत त्याचा विचार कसा चालतो ते त्यांतूनच कळतं. कामावर 'कल्पित ब्रँड' असं स्पष्ट लिहावं. नसलेला ग्राहक खरा म्हणून दाखवणं या क्षेत्रात फार महागात पडतं. लोगो काढायचं इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे सध्या त्यावर खर्च करू नका.

कॉमर्सची अडचण नाही. आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनची प्रवेशपरीक्षा यूसीड आणि एनआयडीची परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. मुंबईच्या जे.जे. या कलासंस्थेतलं उपयोजित कलेचं (जाहिरात, लोगो, पॅकेजिंग यांच्या चित्रकलेचं) शिक्षणही त्याच्यासाठी योग्य आहे. यूसीड जानेवारीत होते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधीच भरावे लागतात, तेव्हा तारखा संकेतस्थळांवर आजच पाहा. मात्र वही दाखवून यूसीडमधून प्रवेश मिळत नाही. तिथे पेपर सोडवावा लागतो आणि चित्रही काढावं लागतं. त्या सरावासाठी रोजचा एक तास ठरवून द्या, उरलेला वेळ बारावीचा.

पोटाचं विचारलंत. नुसत्या लोगोंवर घर चालवणारे थोडे. पॅकेजिंग, पाट्या, ॲपचे पडदे, पुस्तकांची मांडणी अशी कामं मिळून डिझायनरची कमाई होते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पैसे कमीच मिळतात, हे गृहीत धरून चला. तरीही या मुलाला मी या वाटेने पाठवीन, आणि ते त्या एका पानामुळे.

एक विनंती. नवा लोगो झाला की रविवारी त्याला रबरी शिक्के बनवणाऱ्याकडे घेऊन जा, तुम्ही स्वतः. नखाएवढा शिक्का करून घ्या आणि तो उमटवलेला कागद मला पाठवा. धागा दिसतो का, ते पाहू.